वाचकांचे प्रश्न: ६४व्या वर्षी स्विंग बदलू का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी ६४ वर्षांचा, नेरूळला राहतो, रिटायर झाल्यावर गोल्फ सुरू केलं आणि आठवड्यातून दोनदा खारघरला सिडकोच्या कोर्सवर जातो. दोन वर्षांपासून कंबर धरते, डावा खांदा हनुवटीखाली येतच नाही, बॉल एकतर उजवीकडे जातो नाहीतर टॉप होतो, म्हणजे क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागतो. मध्ये कॅनडाच्या मो नॉर्मन या गोल्फरचे व्हिडिओ बघितले, पाय रुंद, हात ताठ, एकदम सोपा वाटला तो सिंगल प्लेन स्विंग. ग्रुपमधले म्हणतात या वयात हे काय खूळ, कोच म्हणतात आधी बेसिक नीट करा. काय करू?
एक वाचक, नेरूळ

उत्तर: काका, बदला. पण बदलायचा तर पूर्ण बदला, अर्धा जुना अर्धा नवा असं केलंत तर आत्ता आहे तेही हातचं जाईल.

आधी हे सोपं का वाटतं ते सांगते. नेहमीच्या पद्धतीत आपण बॉलसमोर उभे राहतो तेव्हा हात खाली लोंबत असतात, हात आणि शाफ्ट (क्लबची दांडी) यांच्यात कोन असतो, पण क्लब बॉलला लागतो त्या क्षणी हात वर आलेले असतात. म्हणजे ज्या रेषेवरून निघालो त्या रेषेवर आपण परत येतच नाही, आणि तो फरक भरून काढायला कंबर सरकते, अंग उठतं, मणका तिरपा होतो. पंचविशीतलं शरीर हे न विचारता करून टाकतं, आपलं कुरकुरतं. नॉर्मनने काय केलं, हात सुरुवातीलाच वर घेतले, उजवा हात आणि शाफ्ट एका रेषेत, पाय रुंद, क्लब बॉलच्या बराच मागे टेकवलेला, आणि परत येताना त्याच रेषेवर. हा माणूस १९५५ आणि ५६ अशी लागोपाठ दोन वर्षं कॅनडाची अमॅच्युअर चॅम्पियनशिप जिंकला, आणि इतका सरळ मारायचा की मोठमोठे प्रो त्याला बघायला थांबायचे. ब्रायसन डीशँबोने २०२० मध्ये गोल्फची यूएस ओपन जिंकली तीही सिंगल प्लेननेच, त्याची तर सगळी आयर्न (लोखंडी डोक्याचे नंबरवार क्लब) एकाच लांबीची. आणि स्विंग दिसायला वेगळा म्हणून चुकीचा असं काही नसतं, आपल्या गोल्फर जीव मिल्खा सिंगचा स्विंग कुठल्या पुस्तकात बसतो सांगा, जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना केवढा वळसा घेतो, पण अमेरिकेतल्या प्रो लोकांच्या पीजीए टूरवर त्याने २०१६ ला अख्खा राउंड ५८ फटक्यांत संपवला. ग्रुपमधल्यांना हे सांगा.

आता कुठे फसतं ते, कारण हे मी घरात बघितलंय. माझ्या बाबांनी ६६व्या वर्षी हाच बदल केला, खांद्यामुळे. वर्तकनगरच्या घरात हॉलमध्ये आरशासमोर रोज सकाळी नुसतं उभं राहायचे, क्लब हातात घेऊन, हात वर, पाय रुंद, दहा-दहा मिनिटं, स्विंग नाहीच. पोझिशन मस्त जमली पण बॉल उजवीकडे जायचा तो जायचाच, दोन महिने. त्यांना वाटायचं हातात दोष आहे, रोज ग्रिप बदलायचे, जेवताना गप्प गप्प असायचे. शेवटी एक दिवस रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मी बॉलवर मार्करने उभी रेघ काढली, रेघ क्लबच्या बाजूला करून बॉल ठेवला आणि म्हटलं मारा. क्लबच्या फेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवर, शाई उमटली ती चक्क तिरकी. दोष हातांचा नव्हताच हो! हात वर घेतले की क्लबची टाच, म्हणजे डोक्याची दांडीकडची बाजू, उचलली जाते, पुढचं टोक जमिनीत जातं, फेस उघडतो आणि बॉल उजवीकडे. क्लबचा लाय अँगल (दांडी जमिनीशी करते तो कोन) जुन्या उभं राहण्याचा होता, तो जास्त उभा करून घ्यायला हवा होता. करून घेतला, आणि पंधरा दिवसांत बॉल सरळ. त्या दिवशी बाबांनी रेंजवरून फोन केला होता, आवाजावरूनच कळलं मला.

म्हणून काका, पहिला खर्च धड्यांवर नको, ही रेघेची टेस्ट करा. रेघ तिरकी आली तर लाय वाकवून घ्या, तुमची आयर्न फोर्ज्ड (ठोकून घडवलेली) असतील तर सहज होतं, कास्ट (साच्यात ओतलेली) असतील तर मोडायची भीती असते, आधी विचारून घ्या. ग्रिपही जरा जाड लावून घ्या, या पद्धतीत क्लब बोटांपेक्षा तळव्यात जास्त बसतो आणि आखडलेल्या बोटांना बरं पडतं.

अंतर कमी होणार हे धरून चला, मनगटाची फेक कमी होते ना. बाबांचं सात आयर्न १३० यार्डांवरून १२० वर आलं, एक क्लब जास्तीचा घेतात, बस. सुरुवात पिचिंग वेज नाहीतर आठ आयर्नने करा, ड्रायव्हरला तीन महिने हात लावू नका. आणि रेंजच्या मॅटवर फार भरवसा ठेवू नका, बॉलच्या मागे जमिनीत लागलेला क्लबही मॅटवर सरकून जातो आणि वाटतं छान लागला, गवतावर गेलं की खरं कळतं. पावसाळा यासाठी चांगला, खारघरच्या डोंगरावर पाऊस उतरला की तसंही खेळणं कमीच, ते चार महिने आरशासमोर घालवा.

कोचचं म्हणाल तर त्यांना सोडू नका, मोकळेपणाने सांगा की मला हेच शिकायचंय, मदत करा. बॅलन्स, टेम्पो हे बेसिक इथेही लागतंच. काही जण स्टॅक अँड टिल्ट ही दुसरी पद्धतही सुचवतील, त्यात वजन सुरुवातीपासून पुढच्या पायावर ठेवून फिरायचं असतं, कंबर धरलेल्या माणसाला मी ते स्वतःहून सांगणार नाही. आणि दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर आधी ऑर्थोपेडिककडे जा, स्विंग नंतर.

प्रश्न: ताई, मी ५८ वर्षांची, घोडबंदर रोडला राहते. पटिंगला (बॉल होलमध्ये हळूच ढकलताना) डावा हात खाली धरते आणि लांब पटर छातीला टेकवते, त्याने हात थरथरत नाही. मैत्रीण म्हणते दोन्ही चालत नाही.
एक वाचक, ठाणे

उत्तर: डावा हात खाली बिनधास्त धरा, त्याला काहीच बंदी नाही, अमेरिकेचा जॉर्डन स्पीथ २०१५ मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही मोठ्या स्पर्धा तसाच पट करून जिंकला. खांदे समांतर राहतात, डावं मनगट मोडत नाही. छातीचं मात्र मैत्रिणीचं बरोबर आहे, १ जानेवारी २०१६ पासून पटर किंवा पटर धरलेला हात अंगाला रोवून स्ट्रोक करता येत नाही, पेनल्टी बसते. लांब पटर टाकून देऊ नका, तो चालतो, फक्त वरची मूठ छातीपासून सुटी ठेवा, जर्मनीचा प्रो बर्नहार्ड लँगर बंदीनंतरही लांब पटरनेच खेळत आलाय. मैत्रिणीलाच समोर उभी करा आणि मूठ आणि छाती यांच्यामधून स्कोअरकार्ड सरकवून बघायला सांगा, अडकलं तर मूठ अजून पुढे घ्या.