कॅमेरा बसवलेल्या चष्म्याच्या आवाजावरून अंध व्यक्तीला समोरचे दृश्य कळू शकते का?

होय, समोरच्या वस्तूची दिशा, उंची आणि ढोबळ आकार सरावाने ओळखता येतो. मात्र पांढरी काठी घरी ठेवून केवळ त्या आवाजाच्या भरवशावर रस्त्याने चालणे सुरक्षित नाही. डच संशोधक पीटर मायर यांनी १९९२ साली शोधनिबंधात मांडलेल्या आणि ‘द व्हॉइस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कॅमेऱ्याचे प्रत्येक चित्र सुमारे एका सेकंदात डावीकडून उजवीकडे वाचून आवाजात बदलले जाते: वरच्या बिंदूंचा स्वर उंच, खालच्यांचा खालचा, आणि बिंदू जितका उजळ तितका आवाज मोठा. त्यामुळे उजवीकडे वर जाणारी उजळ रेषा चढत्या मींडेसारखी, म्हणजे न तुटता वर सरकत जाणाऱ्या स्वरासारखी, ऐकू येते, तर उभा पांढरा खांब एकाच क्षणी उमटणाऱ्या अनेक स्वरांच्या ठोक्यासारखा. अडचण अशी की एका कॅमेऱ्याच्या चित्रातून अंतर थेट कळत नाही. जवळची लहान वस्तू आणि दूरची मोठी वस्तू जवळपास सारखीच वाजते, आणि वेगाने येणाऱ्या वाहनापुढे एक सेकंदही फार असतो. हेडफोन मात्र कान मोकळे ठेवणारा, हाडांवाटे आवाज पोहोचवणाराच घ्यावा, कारण रहदारीचा स्वाभाविक आवाज कोणत्याही यंत्राच्या सुरांपेक्षा अधिक उपयोगी असतो.