आजोबांनी आफ्रिकेतून आणलेल्या माळेतल्या जुन्या काचमण्यांत व्हेनिसचे कोणते आणि बोहेमियाचे (म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले) कोणते, हे कसं ओळखायचं?

रंग नंतर बघा, आधी भोक बघा. यावरूनच माझं नि मामाचं वाजलं होतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं घानात, अक्राला होतो. कोफोरिडुआला दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. तिथून मी गडद निळ्या, पैलूदार मण्यांची माळ आणली. पुण्यात मामाने ती हातात घेतली आणि भर पंगतीत जाहीर केलं, "हे रशियन ब्लू, रशियात बनायचे." मी म्हटलं, रशियन व्यापाऱ्यांनी ते अलास्कात नेऊन विकले म्हणून ते नाव पडलं, घडले ते बोहेमियात, 19व्या शतकात. "चार वर्षं तिकडे राहिलीस म्हणून मला शिकवणार?" सगळे हसले. ते मला आजही सलतं.

पुढच्या सुट्टीत सराफाचं भिंग घेऊनच त्याच्याकडे गेले. काचेचा पोकळ गोळा तापवून लांब नळी ओढायची आणि तिचे तुकडे करायचे, ही त्या मण्याची घडण. म्हणून आतले बुडबुडे लांबट, भोकाला समांतर. नळी सहा बाजूंची, आणि दोन्ही टोकांचे सहा-सहा कोपरे एकेक करून घासलेले. मामा बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग म्हणाला, "पण नाव रशियनच आहे ना!"

नावावर जाऊच नका. 'डच' म्हणून विकले जाणारे कितीतरी मणीही बोहेमियाचे किंवा जर्मनीचे असतात.

तुमच्या आजोबांच्या माळेतले फुलाफुलांचे मणी व्हेनिसचे वाटतात. सळईवर वितळती काच गुंडाळून वर रंगीत कांडीच्या चकत्या बसवायचे, त्यामुळे बुडबुडे भोकाभोवती फिरलेले दिसतील. बाहेरून लाल आणि आत पांढरे तेही बहुधा व्हेनिसचेच, 19व्या शतकातले. आत हिरवट असेल तर आणखी जुने. साच्याची जोडरेषा दिसली तर बोहेमियातलं याब्लोनेत्स. मधोमध पट्टा आणि एक टोक खडबडीत असेल तर ती काचच नाही. 1840 च्या प्रॉसर पेटंटच्या पद्धतीने भुकटी दाबून केलेले ते मणी, फ्रान्सच्या ब्रिआरमध्ये पुष्कळ निघाले.

अर्थात भोकावरून घडण कळते, गाव नाही. ओढीव मणी अ‍ॅमस्टरडॅमलाही होत, आणि व्हेनिसच्या जुन्या मण्यांच्या नकला आता भारतात, चीनमध्येही होतात. घडण, आकार, काच, सगळं जुळलं तरच गावाचं नाव घ्या.

वहीत नोंद कराल तेव्हा मात्र 'रशियन' लिहू नका, बोहेमिया लिहा. मामाच्या डब्यावरची चिठ्ठी अजून तशीच आहे.