मागच्या चाकातले तीन आवाज: एमजीबीच्या ड्रम ब्रेकबद्दल

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९७१ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), तारांची चाकं, गाडी तुमच्याकडे इंग्लंडातच. ब्रेक दाबला की मागून कुईऽऽ, हळू चालवताना लयीत खर्र-खर्र, आणि रिव्हर्स घेऊन पुढे निघालात की पहिल्या ब्रेकला एक ‘टक्’. गॅरेजमध्ये नवे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या कमानी पट्ट्या) टाकून घेतले, आठवड्यात सगळं पुन्हा सुरू. आता गॅरेजवाले ड्रम आणि व्हील सिलिंडर (शूंना ड्रमवर ढकलणारा भाग) बदलू म्हणताहेत.

कृपा करून अजून एकही पार्ट मागवू नका. तुम्ही सगळं ‘ब्रेकचा आवाज’ म्हणून एकत्र लिहिलंय, पण हे तीन वेगळे आवाज आहेत आणि तिघांची कारणं वेगळी असू शकतात. त्यातला ‘टक्’ कदाचित ब्रेकचा नाहीच. मी त्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिघांत जिवावर बेतणारा तोच आहे.

माझ्या १९७२ च्या एमजीबी जीटीला (हिचीच बंद छताची आवृत्ती) अगदी हाच ‘टक्’ होता. एका गॅरेजने शू बदलले, मग सिलिंडर, मग ड्रम. सहा महिने गेले, पैसे गेले, आवाज तसाच. शेवटी एका रविवारी मी मागचा अ‍ॅक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवला, पुढच्या चाकांना ठोकळे लावले, गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक सोडला आणि बायकोला ब्रेकवर पाय दाबून बसायला सांगितलं. मग चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हिसडलं. चाक हललं. किंचितच, पण तोच ‘टक्’. तारांमधून टॉर्च मारून पाहिलं तर ड्रम जागच्या जागी होता. ब्रेकने ड्रम घट्ट धरला होता आणि चाक तरीही हलत होतं. म्हणजे दोष ड्रमच्या बाहेर होता, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) दात्यांमध्ये, ज्यांना आपण स्प्लाइन म्हणतो.

तारांचं चाक नटबोल्टवर नसतं. हबच्या दात्यांवर ते सरकवून बसवतात आणि मधला मोठा नट त्याला फक्त जागेवर दाबून धरतो. गाडी पुढे ढकलण्याचा आणि थांबवण्याचा सगळा जोर त्या दात्यांमधून जातो. दाते झिजले की दिशा बदलताना चाक एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटतं, म्हणून रिव्हर्सनंतरच्या पहिल्या ब्रेकला आवाज येतो. दाते पूर्ण गेले तर त्या चाकाला इंजिनचा जोरही मिळत नाही आणि ब्रेकही लागत नाही. हँडब्रेकसुद्धा नाही, कारण तोही त्याच ड्रमवर काम करतो.

ही चाचणी आधी करा. चाक हललं आणि ड्रम स्थिर राहिला तर दोष दात्यांत. ड्रमही चाकाबरोबर थोडा हलून अडकला तर दोष आत आहे: शू खेळताहेत किंवा व्हील सिलिंडर बॅकप्लेटमध्ये (ड्रममागच्या स्थिर पत्र्यात) सैल झालाय. तो सिलिंडर मागून एका क्लिपने धरलेला असतो. ती क्लिप नीट बसली नाही की सिलिंडर दर ब्रेकला किंचित फिरतो. तुमच्याकडे नुकतंच काम झालंय, तेव्हा हे जरूर बघा. दोन्ही काही हललं नाही तर लीफ स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि बुश, प्रॉपशाफ्टचे जॉइंट बघायचे.

चाक काढाल तेव्हा हबभोवती तांबूस कोरडी पूड दिसते का ते पाहा. दिसली तर कोरड्या दात्यांची घासाघीस चालू आहे. चांगला दाता वर सपाट असतो. झिजलेला टोकदार होतो आणि एका बाजूला कलतो. तसं दिसलं तर हब आणि चाक दोन्ही बदला. जुन्या हबवर नवं चाक चढवलं तर जुने दाते नव्यांना खातात. दाते ठीक असतील तर पुसून पातळ ग्रीस लावा आणि मधला नट चाक हवेत असताना घट्ट करा, म्हणजे चाक मधोमध बसतं. नट कुठल्या दिशेने सुटतो ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट असतात.

आता खर्र-खर्र. तो मागचाच आहे याची आधी खात्री करा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, पुढच्या डिस्कचा त्याच्याशी संबंध नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर अगदी हळू वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरूनच दांडा हलकेच ओढा. तोच आवाज आला तर तो मागून येतोय. मग लय मोजा. एमजीबीच्या १४ इंची चाकाचा एक फेरा साधारण १.९५ मीटरचा, म्हणजे ताशी १३ मैल वेगाला सेकंदाला तीन फेरे. आवाज त्याच तालात असेल तर ड्रम लंबगोल झालाय किंवा त्याला एके ठिकाणी उंचवटा आहे. ब्रेकला हात-पाय न लावताही सतत घरघर असेल आणि वळणावर ती बदलत असेल तर बेअरिंगकडे जा.

ड्रमचा लंबगोलपणा डोळ्यांना दिसत नाही. त्याला सोपी वाट आहे. चाळीस वर्षांपुढच्या मूळ अवस्थेतल्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीची (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीची) सक्ती नाही, त्यामुळे आपल्या गाड्यांचे मागचे ब्रेक वर्षानुवर्षं कोणी तपासत नाही. मी तरी दर वर्षी आपणहून एमओटी करून घेतो. ब्रेकच्या रोलरवर डाव्या-उजव्या चाकाचा जोर वेगळा दिसतो, आणि ड्रम लंबगोल असेल तर काटा एका जागी न थांबता हेलकावे खातो. नवा ड्रम घेण्याआधी एवढं करून घ्या. दोष निघाला आणि ड्रमला जाडी शिल्लक असेल तर लेथवर टर्निंग मारून घ्या, पण दोन्ही बाजूंचे ड्रम एकाच मापाला.

राहिली ती कुई. तिची खरी जागा नव्या शूमध्ये सापडेल असं मला वाटतं. ड्रम दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर. नव्या शूची गोलाई ड्रमशी जुळेलच असं नाही. लायनिंग (शूवरचा घासणारा थर) सगळीकडे टेकण्याऐवजी फक्त टोकांवर टेकलं की ते थरथरतं, आणि ड्रम घंटेसारखा वाजतो. लायनिंगवर फळ्यावरचा खडू फासा, ड्रम बसवा, चाक फिरवत ब्रेक हलकेच दाबा आणि ड्रम काढून बघा. खडू कुठून पुसला गेला ते समोर दिसेल. माझ्याकडे दोन्ही टोकांना बोटभर पट्टे पुसले गेले होते आणि मध्ये खडू जसाच्या तसा पांढरा. टोकं कानशीने थोडी उतरती केली, उरलेलं काम चालवता चालवता झालं.

ड्रम उघडलाच आहे तर शूच्या लोखंडी कडा बॅकप्लेटवर जिथे टेकतात ते उंचवटे बघा. तिथे खाच पडली असेल तर शू अडकतो आणि मग एकदम उडी मारतो. खाच भरून घासून सपाट करा आणि ब्रेकचं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावा. लायनिंगला ते लागू देऊ नका. शू ओले दिसले तर ते कशाने, हे आधी ओळखा: थेंब पाण्याच्या वाटीत टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, डिफरन्शिअलचं ऑइल वर तरंगतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. पहिलं असेल तर सिलिंडर गळतोय, दुसरं असेल तर अ‍ॅक्सलचं सील. भिजलेलं लायनिंग धुऊन परत वापरू नका, ते आतपर्यंत प्यायलेलं असतं.

हवेच्या नळीने ड्रम कधीही फुंकू नका. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, आणि तुमच्या गाडीतली धूळ त्याआधीच्या लायनिंगची असू शकते. साबणाच्या पाण्याने ओली करून फडक्याने टिपा, फडकं पिशवीत बांधा. आणि दोन्ही चाकं एकदम उघडू नका. एक बाजू तशीच ठेवली की कुठली स्प्रिंग कशी होती ते बघायला नमुना राहतो. माझ्या त्या गॅरेजने एक स्प्रिंग चुकीच्या बाजूने अडकवली होती, ती हबला घासायची.

शेवटी अ‍ॅडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू. बॅकप्लेटमागच्या चौकोनी डोक्याला साधा पाना लावलात तर कोपरे जातात, ब्रेकचाच पाना आणा. चाक अडेपर्यंत आवळा, मग मोकळं फिरेपर्यंत एकेक टिचकी मागे घ्या. दोन्ही बाजू झाल्यावरच हँडब्रेकच्या केबलला हात लावा. केबल आधी ओढून ठेवली तर शू कधीच पूर्ण मागे जात नाहीत, ड्रम तापतो आणि लंबगोल होण्याची सुरुवात तिथूनच होते.

पण हे सगळं नंतर. ब्रेक दाबून चाक हिसडायची चाचणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. चाक हललं तर काढल्यावर हबच्या दात्यांचा फोटो टाका, जवळून आणि टॉर्चचा उजेड तिरपा धरून. समोरून उजेड मारला तर झीज दिसत नाही.