वाडा पेशवेकाळातला की कापसाच्या पैशातला?

प्रश्न : अमळनेर तालुक्यात आमचा वडिलोपार्जित वाडा आहे, दोन चौकी, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. घरात सगळे म्हणतात पेशवेकाळातला आहे. खरं कसं कळणार? आणि पावसात धाबं गळतं, वरून सिमेंटचा कोबा करून टाकू का?
– एक वाचक

उत्तर : भाऊ, खान्देशात ज्याला विचारावं त्याचा वाडा पेशवेकाळातलाच असतो! आधी रस्त्यात उभं राहून वाड्याचं तोंड बघा. १८१८ ला इंग्रजांचा अंमल बसायच्या आधी होळकरांची लूट, त्यामागोमाग दुष्काळ, वर पेंढारी, सगळं या भागाने सोसलं, म्हणून तेव्हा बाहेरच्या भिंतीला खाली खिडकीच नको, भिंत जाडजूड, एकच मोठा दरवाजा नि त्यात वाकून आत शिरायची दिंडी. पण रस्त्याकडे मोठाल्या खिडक्या, ओतीव लोखंडाच्या कठड्याची गॅलरी, रंगीत काचा असं काही असेल तर बहुतेक तो कापसाचा पैसा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्याच दशकात रेल्वे खान्देशात आली म्हणून मुंबईचा माल थेट दारात. मागचा चौक जुना नि पुढचा नंतर वाढवलेला असंही असतं बरं का, दोन्हीकडचे खांब, नक्षी, विटा शेजारी ठेवून बघितल्यासारखं बघा.

आता कोबा. अजिबात नको. धाब्यात खाली सागाचे सर म्हणजे तुळया, त्यावर किलचन म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, त्यावर माती नि सगळ्यात वर खारी म्हणजे खारट माती, ती ओली झाली की घट्ट बसते, पाणी खाली जाऊ देत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा खालच्या खोलीत झोप लागते ती या मातीमुळे. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, कोबा हलत नाही, त्याला चीर पडते, चिरेतून गेलेलं पाणी आतच कोंडतं आणि वरून सगळं छान दिसत असताना सर कुजतात. बऱ्याचदा गळतीचं कारण साधं असतं, पन्हाळ तुंबलेली किंवा उतार बिघडलेला. दरवर्षी खारीवर खारी टाकून वजनही वाढतं, म्हणून पावसाळ्याआधी जुना थर खरवडून मगच नवी टाका, आणि भिंतीत गेलेली सराची टोकं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आधी सुतार.

मोडीतली जुनी कागदपत्रं घरात असतील तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा, मोडी वाचणारं कोणी भेटलं तर तारीखच हाती लागेल.