काकांच्या ट्रंकेतली मासिकं आणि त्यातली वाचकांची पत्रं

काका गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली आणि तळाशी सत्तर-ऐंशीच्या दशकातली 'तसली' मासिकं निघाली, असं तुम्ही लिहिलंय. चित्रांच्या पानांपेक्षा वाचकांच्या पत्रांचीच पानं जास्त हाताळलेली दिसली म्हणता. ती पत्रं खरी असायची की संपादकच बसून लिहायचे, आणि हा गठ्ठा रद्दीत द्यावा का, हे तुमचे दोन प्रश्न.

आधी खऱ्या-खोट्याचं. त्यात दोन जातीची पत्रं असायची. एकात गोष्ट सांगितलेली असायची: पावसाळी रात्र, शेजारची वहिनी, गेलेली वीज. या पत्रातल्या माणसाला काहीच विचारायचं नसतं. तसली पत्रं बहुतेक मासिकाच्या कचेरीतच तयार होत असणार असं माझं मत आहे, कारण महिनोन् महिने त्यांची भाषा एकच असायची. दुसऱ्या जातीचं पत्र चार ओळींचं. वय, लग्न झालंय की ठरलंय, काय होतं, आणि शेवटी 'मी बरा होईन का?' हे खरं पत्र. इतकी साधी भीती विकण्यासाठी कोण कशाला रचेल?

याच संशयावरून मुंबईत एकदा प्रकरण कोर्टापर्यंत गेलं होतं. डॉ. महिंदर वत्स पुढे 'मुंबई मिरर'मधल्या लैंगिक सल्ल्याच्या सदरामुळे घराघरात माहीत झाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते नियतकालिकांतून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. तेव्हा एका वाचकाने तक्रार केली की खप वाढवण्यासाठी ही पत्रं बनवून छापतात. वत्सांच्या बाजूने न उघडलेल्या पत्रांचं पोतंच न्यायाधीशांपुढे ठेवण्यात आलं. त्यांनी त्यातली काही वाचली आणि खटला निकालात काढला. पत्रं पोत्याने यायची, ही गोष्ट तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे.

आता मला खरं सांगायचंय ते. मराठीत या पत्रांची परंपरा त्या मासिकांच्या खूप आधीची आहे आणि ती कितीतरी स्वच्छ आहे. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ मध्ये निघालं आणि नोव्हेंबर १९५३ पर्यंत चाललं. कर्वे त्याच्या महिनाभर आधी, १४ ऑक्टोबरला गेले होते. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि पुढे याच कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडली. मासिक एकहाती काढायचे. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं, ते मुद्दाम, कारण शरीर पाहण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही हेच त्यांना म्हणायचं होतं. आत लेख, 'शारदेची पत्रे' आणि वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं. शारदा म्हणजे कर्वे स्वतःच. तुमच्या निकषाने ती 'खोटी' पत्रं ठरतील. मला तसं वाटत नाही. बाईच्या तोंडून जे बोललं जायला हवं होतं आणि जे सहीनिशी लिहायची सोय तेव्हा कुठल्याच घरात नव्हती, ते त्यांनी तिच्या नावाने लिहिलं.

वाचकांचे प्रश्न मात्र खरे होते. त्यांच्याच उत्तरांवरून कर्व्यांवर खटला भरला गेला. त्याआधी १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली, ती हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून. बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समोर न्यायमूर्ती मेहता. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, असा कोर्टाचा रोख होता. आंबेडकरांचं म्हणणं सरळ होतं: मासिक लैंगिक प्रश्नांसाठीच आहे, वाचक विचारतोय, तर उत्तर का द्यायचं नाही? विचारण्यात विकृती असेल, तर ती ज्ञानानेच जाईल. कर्वे खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. मासिक त्यानंतर आणखी एकोणीस वर्षं चाललं.

हे मी पुस्तकी माहिती म्हणून सांगत नाहीये. १९७९ साली मी एकोणीस वर्षांचा, सांगलीला हॉस्टेलवर. खोलीत असलं एक मासिक फिरायचं. मित्र पत्रं मोठ्याने वाचायचे, सगळे हसायचे, मीही हसायचो. रात्री मात्र छातीत धडधड. धातू (म्हणजे वीर्य) जातो, मेंदू कमजोर होतो, पुढे मूल होत नाही, असं डोक्यात पक्कं बसलेलं. एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिरातीही तेच सांगायच्या. शेवटी त्या मासिकाला पत्र लिहिलं. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड चालण्यासारखं नव्हतं, पोस्टमनपासून रेक्टरपर्यंत सगळ्यांनी वाचलं असतं. पाकीट आणलं, डाव्या हाताने लिहिलं म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही, खाली 'एक दुर्दैवी' अशी सही केली आणि चालत दुसऱ्या पेठेतल्या पेटीत टाकून आलो. पुढचे पाच महिने स्टँडवरच्या स्टॉलवर उभं राहून फक्त ते शेवटचं पान बघायचो. माझं पत्र आलं नाही. मग एका वैद्याकडे गेलो. त्याने तीनशे रुपयांच्या पुड्या दिल्या आणि भीती दुप्पट करून पाठवलं. ते पैसे वडिलांनी परीक्षेच्या फीसाठी दिलेले होते.

पन्नाशी उलटल्यावर एका जुन्या ग्रंथालयात 'समाजस्वास्थ्य'चे बांधीव खंड हाती आले. मुखपृष्ठं बहुतेक सगळी फाडून नेलेली, बाइंडिंगपाशी कागदाची नुसती पट्टी उरलेली. पण प्रश्नोत्तरांची पानं शाबूत होती आणि त्यांचे खालचे कोपरे बोटांनी काळे पडले होते. तिथे माझाच प्रश्न होता. १९७९च्या चाळीसेक वर्षं आधी कुणीतरी विचारलेला. उत्तर दोन-तीन वाक्यांचं: यात अपाय नाही, अपाय होतो तो भीतीने. त्याच्याशेजारी समासात कुणीतरी पेन्सिलीने बारीक खूण केली होती. मी त्या खुर्चीवर बराच वेळ बसून राहिलो. माझ्या भाषेत, माझ्या जन्माच्या आधी छापलेलं हे उत्तर हॉस्टेलवरच्या त्या मुलापर्यंत का पोचलं नाही, याचा राग मला आजही येतो. ज्यांनी ते पोचू द्यायचं नाही असं ठरवलं, त्यांनी संस्कृती राखली असं मी मानत नाही. त्यांनी वैद्यांची दुकानं चालवली.

म्हणून काकांना मनात तोलू नका. ते ती पानं कशासाठी उघडत होते, ते तुम्हाला त्या कोपऱ्यांवरून कळलंच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: रद्दीत देऊ नका. एका पिढीने घरात, शाळेत, दवाखान्यात जे विचारलं नाही, ते या पानांवर विचारलंय, आणि अशी मासिकं कुणी सांभाळून ठेवत नाही. आधी पानन् पान उलटून बघा, मध्ये हाताने लिहिलेला कागद, पत्राचा कच्चा खर्डा वगैरे आहे का. असेल तर तो वेगळा काढा. त्यावर नाव असो नसो, त्याचा फोटो काढून कुठेही टाकू नका. स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर त्या पानाला खातात, चिमट्याने हळूच काढा. डांबरगोळ्या नकोत. कोरड्या जागी, सपाट, आडवे ठेवा. प्रत्येकाचं साल आणि महिना एका वहीत उतरवून घ्या. लैंगिकता किंवा सामाजिक इतिहासावर काम करणारं कुणी भेटेपर्यंत गठ्ठा घरीच असू द्या.

कर्व्यांचं लेखन वाचायचं असेल तर अनंत देशमुखांनी संपादित केलेले समग्र साहित्याचे खंड आहेत, मोठ्या ग्रंथालयात मिळतील. आणि तुमच्या गठ्ठ्यात १९७९ किंवा १९८०चे अंक निघाले, तर शेवटच्या पानावर 'एक दुर्दैवी, सांगली' अशी सही कुठे दिसते का, तेवढं बघाल का? पाच महिन्यांनंतर मी बघायचं सोडलं होतं.