सलिव्हन खरंच एवढा ग्रेट होता का?

प्रश्न: अमेरिकन हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन जॉन एल. सलिव्हनला १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जिम कॉर्बेट या बॉक्सरने लोळवलं, मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

उत्तर: अहो, त्या एका मॅचवरून कशाला जोखताय? तेव्हा तो तेहतिशीचा, वजन आणि दारू दोन्ही वाढलेली, तरी २१व्या राउंडपर्यंत टिकला. १८८९ ला मिसिसिपीत भर जुलैच्या उन्हात जेक किलरेन या बॉक्सरशी उघड्या मुठींनी ७५ राउंड लढून जिंकलेला माणूस आहे तो (कोणी पडलं की राउंड संपायचा, पण वेळ दोन तासांच्या वर गेला), आणि ग्लोव्ह्जच्या बॉक्सिंगला गर्दी खेचली तीही बरीचशी त्यानेच. मला खटकतं ते वेगळंच. कृष्णवर्णीयांशी लढणार नाही असं उघड सांगायचा, त्यामुळे पीटर जॅक्सनसारख्या तगड्या बॉक्सरला चान्सच नाही, तिथे मी त्याचे मार्क कापतो. कॉर्बेट मात्र १८९१ मध्ये जॅक्सनशी ६१ राउंड लढला, निकालच लागला नाही.