तुमचे प्रश्न: हा माका आहे का?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीजवळ, लादीच्या फटीत एक झाड उगवलंय. मधे पिवळं आणि कडेने पांढऱ्या पाकळ्या, असं शर्टाच्या बटणाएवढं फूल येतं. सासूबाई म्हणतात हा माका, खोबरेल तेलात उकळून केसांना लावूया. फोटो पाठवलाय, माकाच आहे ना?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर: नाही हो, माका नाहीये हा, कढई गॅसवर ठेवू नका. ही एकदांडी, कोणी दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी. मुंबईत रेल्वेच्या रुळांपासून गच्चीवरच्या कुंडीपर्यंत सगळीकडे उगवते, मूळची अमेरिकेतल्या उष्ण भागातली पण आता इथलीच झालीय.

तुमच्या फोटोत मी सगळ्यात आधी देठ बघितला. चांगला वीतभर लांब, त्याच्यावर एकही पान नाही आणि टोकाला एकच फूल, एका दांडीला एक म्हणून एकदांडी. मग पाकळ्या मोजा, बहुतेक पाचच भरतील, आणि एखादी नखावर ठेवून नीट बघा, टोकाला दोन खाचा म्हणजे तीन दात दिसतात, मला हे फार आवडतं, इतक्या बारीक पाकळीवर इतकं नेटकं काम! पानं समोरासमोर, केसाळ, हाताला खरखरीत लागतात, कडा करवतीसारख्या. फूल सुकलं की फुंकर मारा, बिया मऊ केसांच्या छत्रीवर उडून जातील.

माक्याला ही छत्री नसते. त्याचं फूल अजून लहान, पाकळ्या पाच नाहीत, दोऱ्यासारख्या बारीक भरपूर असतात, मधला भाग पण पिवळा नाही तर पांढरटच, देठ आखूड आणि पानाच्या बगलेतून निघालेला. पान लांबट, अरुंद. चुरगळून बोटांवर चोळलं की थोड्या वेळात काळपट डाग पडतो, सासूबाईंना ही खूण नक्की माहीत असेल, त्यांनाच चोळून बघायला सांगा. आणि माका ओल लागेल तिथेच येतो, तुमच्या तापलेल्या लादीत त्याचं काय काम. पण खरा माका सापडला तरी गटाराच्या कडेचा आणू नका.

गाजर गवताची पण शंका येते लोकांना. त्याची पानं गाजरासारखी फाटलेली आणि फुलं बारीक पांढरी, झुपक्याने येतात. त्याला उघड्या हाताने शिवायचंच नाही, अंगाला खाज सुटते.

तुमची एकदांडी मात्र माळ्याला सांगून राहू द्या, सकाळी ऊन आलं की छोटी फुलपाखरं येतात तिच्यावर.